पावसाळ्यापुरतं कपाट

वसुधाताई गेल्याची बातमी मला वाचनालयाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर समजली. आधी श्रद्धांजलीचा फलक आला. त्यात आमचे अध्यक्ष हात जोडून उभे होते आणि कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढ्या चौकटीत, वसुधाताई. क्षणभर मला वाटलं अध्यक्षच गेले. मग खाली सभासदांचे जोडलेले हात येऊ लागले, आणि खरं काय ते कळलं. वैशाख संपत आला होता. त्यांचा तो छोटा फोटोही आधार कार्डावरचा होता, हे जवळून पाहिल्यावर लक्षात आलं. मावळातल्या किती घरांचे फोटो या बाईने सांभाळले, आणि तिचा स्वतःचा धड एक फोटो कुणाकडे नव्हता.

लोणावळ्याबाहेरच्या वाचकांना एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे पाऊस पडत नाही, राहायला येतो. चपलांना बुरशी, देवाच्या पोथीला बुरशी, लग्नातल्या शालूला बुरशी. घराघरात एखाद्या कपाटात पिवळा दिवा लावून ठेवतात, त्याच्या उबेवर कपडे कोरडे राहतात. वाचनालयात ग्रंथपाल म्हणून आल्यावर वसुधाताईंनी तसाच एक दिवा जुन्या ग्रंथांच्या लोखंडी कपाटात लावला. पुढे समितीने बचतीसाठी सगळीकडे एलईडी बसवले, तेव्हा त्यांनी तो दिवा काढू दिला नाही. "त्याचा उजेड नकोय मला," त्या म्हणाल्या, "तापणारा दिवा हवाय." जुन्या पद्धतीचे दिवे मिळतील तिथून आणून त्यांनी टेबलाच्या खणात साठवले होते.

त्या कपाटाची कीर्ती कशी पसरली कोण जाणे, पण एका ज्येष्ठात मळवलीचे एक आबा पिशवीत गुंडाळलेला बापाचा फोटो घेऊन आले. "पावसाळ्यापुरता ठिवा, बाई. आमच्या घरात बापाला बुरशी चढती." वसुधाताईंनी ठेवून घेतला. पुढच्या वर्षी औंढ्यातून, लोहगडवाडीतून, डोंगरातल्या वस्त्यांवरून फोटो येऊ लागले. ठेवायला काही लागत नसे. अट एकच, परत नेताना. दसऱ्यानंतरच्या रविवारी सगळ्यांनी वाचनकक्षात जमायचं, आणि आपापला फोटो हातात घेऊन तो कुणाचा, कुठला, ते चारचौघांत सांगायचं. मगच घरी न्यायचा. मावळच्या इतिहासाचं आमचं दालन म्हणतात ते एवढंच होतं. एक कपाट, आणि वर्षातला एक रविवार.

मी शाळेतून निवृत्त झाल्यावर तो रविवार कधी चुकवला नाही. व्याख्यानमालांना जातो तेव्हा मी दाराजवळची खुर्ची धरतो, इथे मात्र पुढे बसायचो. मळवलीच्या आबांनी पहिल्याच वर्षी सांगितलं, "ह्यो माजा बा. डावीकडचा. उजवीकडं आमचा बैल." मागून कुणीतरी म्हणालं, "बरं झालं सांगितलंस आबा, आमी उलटं समजलो असतो." आबा भडकले, माणसं पोट धरून हसली, आणि वसुधाताईंनी शांतपणे विचारलं, "बैलाचं नाव?" त्या हे सगळं टिपून घेत. फोटोंच्या प्रती काढायला त्यांनी समितीकडे स्कॅनर मागितला होता. समितीने ध्वनिक्षेपक घेतला. भाषणं मागेपर्यंत ऐकू जात नव्हती, हे कारण तसं खरंच होतं.

गेल्या वर्षी आषाढात वसुधाताई जिन्यावरून घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रियेसाठी त्यांना पुण्याला नेलं, आणि त्या तिकडेच बरेच दिवस अडकल्या. इकडे वाचनालयाचा वर्धापनदिन आला. मंत्री येणार, फोटोंचं प्रदर्शन मांडायचं, तर फोटो कसे चकचकीत दिसायला हवेत. अध्यक्षांनी कपाटातले सगळे फोटो बाजारातल्या दुकानात पाठवून लॅमिनेट करून आणले. भर पावसात, दुकानात दोन दिवस ओल्या हवेत पडलेले कागद, गरम प्लॅस्टिकमध्ये कायमचे बंद. मंत्री आले नाहीत.

गणपतीनंतर वसुधाताई वॉकर घेऊन वाचनालयात आल्या. अध्यक्ष मोठ्या उत्साहाने म्हणाले, "ताई, आता वरून पाणी पडलं तरी यांना काही होणार नाही!" वसुधाताईंनी कपाट उघडलं. एकेक फोटो काढून खिडकीशी धरला. तपकिरी डाग चेहऱ्यांवरून चालत गेले होते, काही ठिकाणी चेहरेच प्लॅस्टिकला चिकटून वितळले होते. "पाणी बाहेर कुठे आहे?" त्या म्हणाल्या. "ते तुम्ही आत कोंडलंत." आवाज चढवला नाही. मला वाटतं, तो चढला असता तर त्या आणखी जगल्या असत्या…

दसऱ्यापर्यंत थांबायचं नाही, घरी जाऊन सांगायचं, असं त्यांनी ठरवलं. रिक्षा करून त्या आणि मी गावोगाव हिंडलो. बहुतेकांनी फोटो पाहून परत आमच्या हातात ठेवला. काहींनी चहा पाजला, ते जास्त जड गेलं. औंढ्याला हौसाबाईंकडे गेलो. त्यांची मुलगी लहानपणीच तापाने गेलेली. तिचा एकच फोटो होता, जत्रेतला, पुठ्ठ्याच्या मोटारीत बसलेला. हौसाबाईंनी प्लॅस्टिक उजेडात धरलं, उलटं करून पाहिलं, पदराने पुसलं.

"मोटार दिसती," त्या म्हणाल्या. "पोरगी कुटंय?"

"गेली, मावशी. आमच्या हातून गेली," वसुधाताई म्हणाल्या.

"म्हंजी माजी दोनदा गेली म्हना की."

 

तो रविवार त्यांनी तरीही घेतला. माणसं आली, हा माझ्या हिशेबी चमत्कारच. अध्यक्षांनी ध्वनिक्षेपकावरून दिलगिरी व्यक्त केली आणि प्रत्येक कुटुंबाला सन्मानपत्र दिलं. सन्मानपत्रं लॅमिनेट केलेली होती. मळवलीच्या आबांनी डागाकडे बोट दाखवून "ह्यो बा" म्हटलं आणि ते खाली बसले. या वेळी कुणी चेष्टा केली नाही. हौसाबाईंची पाळी आली तेव्हा त्या उठल्याच नाहीत. "मला न्हाई सांगायचं. कुनाकडं बघून सांगू?"

मग वसुधाताई वॉकरला धरून उभ्या राहिल्या आणि त्यांच्या वतीने सांगू लागल्या. जत्रा होती, मुलगी हट्टाने मोटारीत बसली, मोटार चालेना म्हणून रडायला लागली…

"रडत न्हवती!" हौसाबाई जागेवरूनच ओरडल्या. "भांडत हुती. फोटुवाल्याशी. म्हनं, चावी लाव की मेल्या!"

हसावं की नाही, ते कुणाला कळेना. हौसाबाई मात्र पुढे सांगत राहिल्या, कुणाकडेही न बघता. वसुधाताईंची स्मरणशक्ती अशी चुकणारी नव्हती. त्या मुद्दाम चुकल्या का, हे मला विचारायचं होतं. राहून गेलं.

हाड नीट जुळलं नाही. थंडीत अंथरूण धरलं, ते सुटलं नाही. चैत्रात शेवटचं भेटायला गेलो, तेव्हा त्या भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. मी वाचनालयातल्या चार गमती सांगितल्या. त्यांनी ऐकून घेतल्या. "यंदा कुणी फोटो आणणार नाही," त्या म्हणाल्या. "आणूही नयेत."

शोकसभा रीतसर झाली. दालनाला त्यांचं नाव द्यायचं ठरलं, आणि त्याच ठरावात कपाट स्पर्धांच्या ढालींसाठी मोकळं करायचंही. ज्येष्ठ गेला. कुणी फोटो आणले नाहीत.

गेल्या आठवड्यात मी वाचनालयात वर्तमानपत्र वाचत होतो, तर दारात हौसाबाई. डोक्यावर प्लॅस्टिकचं इरलं, काखेत पिशवी. "ताई कुटं हायत?"

मी सांगितलं. त्या भिंतीला टेकल्या. "मला कुनी सांगितलं न्हाई," म्हणाल्या. इरल्याचं पाणी फरशीवर पसरत होतं. मग त्यांनी पिशवीतून ते प्लॅस्टिक काढून माझ्यासमोर धरलं. डाग आता आणखी वाढला होता.

"पाऊस लय वंगाळ हाय. कपाटात ठिवा."

"मावशी, आता त्यात…"

"मोटार हाय की अजून."

टेबलाच्या खणात वसुधाताईंनी साठवलेले दिवे तसेच होते. एक काढून मी कपाटात लावला. ढाली खालच्या कप्प्यात सरकवल्या आणि फोटो वर ठेवला. आज सकाळी हात लावून पाहिलं. कपाटाचं दार गरम आहे.