स्टेरिंगचा दांडा आणि याकोबमिस्त्री

पारनेरच्या स्टँडवर श्रीरामपूरकडचा एक ओळखीचा ड्रायव्हर भेटला. गाडीत चढता चढता म्हणाला, "तुमचे याकोबमिस्त्री गेले की. आठ दिस झालं." गाडी सुटली, आणि मला काही विचारता आलं नाही. त्याला आता महिना होत आला. लिहावं की नाही याच घोळात इतके दिवस गेले, कारण याकोबमिस्त्रींबद्दल खरं लिहायचं तर माझ्याबद्दलही खरं लिहावं लागतं... आणि ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

बहात्तरच्या दुष्काळानंतरचा तो उन्हाळा. मी तेव्हा कचेरीत पाणीपुरवठ्याच्या टेबलावर कारकून होतो. आमच्या भागातल्या कोरड्या गावांना एका ठेकेदाराचे चार ट्रॅक्टर टाक्या ओढून पाणी पोचवत. त्यातल्या एकाचा स्टेरिंगचा दांडा एका सकाळी मुळातून मोडला. सुदैवाने गाडी उभी होती. ड्रायव्हर स्टेरिंगच्या चाकाला धरून वर चढायला गेला आणि चाक दांड्यासकट त्याच्या हातात आलं. ट्रॅक्टर ओढत याकोबमिस्त्रींच्या पत्र्याच्या शेडपुढे आणला. तासाभरात जोडून घ्या, गावं तहानलेली आहेत, असा साहेबांचा निरोप घेऊन मी मागोमाग गेलो. याकोबमिस्त्री पन्नाशीचे, अंगाने किरकोळ, बोलायला त्याहून कमी. त्यांनी मोडका तुकडा फडक्याने पुसला आणि माझ्यापुढे धरला. मोडलेल्या तोंडाचा निम्मा भाग चकचकीत होता आणि निम्मा गंजून काळा पडलेला.

"ह्यो आज मोडला न्हाई, भाऊसाहेब. निम्मा कवाच मोडल्याला हुता. ह्याला नुस्ता वेल्डिंगचा डाग दिला तर डाग धरंल, पन शेजारून मोडंल. आन तवा गाडी उभी नसंल."

तासाभराचं काम त्यांनी दोन दिवस केलं. भंगारातून ट्रकच्या ॲक्सलचा तुकडा आणला, लेथवर उतरवून त्याचा नवा दांडा केला. खालच्या टोकाच्या खाचा कानशीने हाताने घासल्या. दर पाच मिनिटांनी बसवून बघायचं, काढायचं, पुन्हा घासायचं. दांड्यावरची जुनी पातळ नळी फेकून जाड पाइप घातला, त्याच्या बुडाशी चारी बाजूंनी लोखंडाचे तिकोनी तुकडे वेल्ड केले. मग त्यांनी मला खरं दुखणं दाखवलं. नळीला वरच्या बाजूने आधार देणारी एक पट्टी असते, ती कुणीतरी कधीतरी काढून टाकली होती. ती नसल्यामुळे चढणाऱ्या-उतरणाऱ्याचं सगळं वजन आणि खड्ड्यांचे सगळे हिसके बुडावर यायचे. त्यांनी नवी पट्टी ठोकून बसवली. शेवटी स्वतः चाकाला दोन्ही हातांनी लोंबकळले, पाय उचलून. ड्रायव्हर हसला, पण मिस्त्री काही हसले नाहीत.

त्या दोन दिवसांत गावोगावच्या बाया रिकामे हंडे घेऊन कचेरीत आल्या, आणि साहेबांनी त्याचा राग माझ्यावर काढला. मिस्त्रींचं मात्र काम संपलं नव्हतं. ठेकेदाराचे बाकीचे तीन ट्रॅक्टर टाक्या भरायला यायचे, तिथे ते आपल्या पायाने गेले आणि वर चढून बघून आले. पाना लावला नाही, नुसतं पाहिलं. तिन्हींची पट्टी गायब. मला म्हणाले, लिहून द्या वर, मी फुकट बसवून देतो, एकेक दिवस गाडी सोडा. मी तशी टिपणी लिहिली, साहेबांपुढे ठेवली. साहेबांनी ठेकेदाराला विचारलं. ठेकेदार म्हणाला, आता एकही गाडी उभी करणं परवडणार नाही, पाऊस पडल्यावर बघू. टिपणी फायलीत गेली.

तीन आठवड्यांनी त्या तिघांपैकी एक ट्रॅक्टर भरल्या टाकीसकट पाटाच्या वळणावर सरळ गेला आणि कोरड्या पाटात उलटला. ड्रायव्हर बबन जागीच गेला. तिशीचाही नव्हता. लोकांनी त्याला बाहेर काढलं तेव्हा चाक त्याच्या हातात होतं, खाली मोडका दांडा लोंबत होता.

चौकशी आमच्याच कचेरीत झाली. साहेब अहवाल सांगत होते आणि मी लिहीत होतो. 'स्थानिक कारागिराने पूर्वी केलेल्या सदोष दुरुस्तीमुळे' हे शब्द आले तेव्हा माझा हात थांबला. त्या ट्रॅक्टरला मिस्त्रींचा हात लागलेला नाही, हे त्या खोलीत आम्हा दोघांनाही माहीत होतं. फायलीतली माझी टिपणी आदल्या दिवशीच काढली गेली होती, तेही मी पाहिलं होतं. साहेबांनी आवाज चढवला नाही. "लिहा," एवढंच म्हणाले. माझी नोकरी अजून कायम व्हायची होती. मी लिहिलं. सुवाच्य लिहिलं, तीन प्रतींत.

पोलिसांनी मिस्त्रींना चार-पाचदा बोलावून दिवसदिवस बसवून ठेवलं. शिक्षा झाली नाही. पण दुरुस्तीला गाड्या यायच्या बंद झाल्या. बबनचे वडील तीन दिवस त्यांच्या शेडसमोर येऊन बसले होते, भांडले नाहीत, काही मागितलं नाही. मिस्त्रींनी त्यांना पाणी दिलं आणि त्या गाडीला मी शिवलेलो नाही, असं सांगितलं. म्हातारा म्हणाला, "कागदावर नाव हाय तुमचं." पुढे याकोबमिस्त्री दुसऱ्याच्या वर्कशॉपात रोजाने जाऊ लागले. आयुष्यभर स्वतःच्या भात्यावर काम केलेला माणूस, तो खिडक्यांचे गज कापायला लागला. तिथेच कापता कापता छातीत कळ येऊन ते गेले, असं मागाहून कळलं.

माझी बदली झाली तेव्हा मी निरोप घ्यायला गेलो होतो. सांगायचं ठरवूनच गेलो होतो. त्यांनी बसायला खुर्ची दिली, चहा मागवला, नव्या गावाला पाणी आहे का एवढं विचारलं. मी चहा प्यालो आणि उठलो...

परवा अखेर श्रीरामपूरला गेलो. शांतावहिनी, त्यांच्या पत्नी, ओट्यावर धान्य निवडत होत्या. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. त्यांचा हात थांबला नाही.

"त्यास्नी ठावं हुतं. पोलिसांनी कागुद दावला तवाच अक्षर वळखलं त्यांनी," त्या म्हणाल्या. "म्हनले, भाऊसाहेबाला लिवावं लागलं आसंल. त्यांनी तुमाला माफ केलं आसंल. म्या न्हाई केलं."

मी मान हलवली. जायला वळलो तेव्हा त्या उठल्या, शेडचं कुलूप काढलं आणि दार आतून बघा म्हणाल्या. मिस्त्रींना कागद वापरायची सवय नव्हती. कामाची मापं, गाड्यांचे नंबर, सगळं ते दाराच्या आतल्या बाजूला खडूने लिहीत. तिथे एकाखाली एक चार ट्रॅक्टरांचे नंबर होते. पहिल्यापुढे दांड्याची मापं आणि एक बरोबरची खूण. बाकी तिन्हींपुढे त्यांच्या वाकड्या अक्षरात, तीनदा: पट्टी न्हाई. त्यातला मधला नंबर बबनच्या गाडीचा.

पोलिसांना हे दाखवलं नाही का, मी विचारलं.

"दावलं की. ते म्हनले, दार म्हंजी काय कागुद न्हाई."

वहिनींनी दार ओढून घेतलं. खडूला हात लागू नये म्हणून कडेला धरून, हळूच.