शनिवारचं दूध

माझी पोरगी दूध पीत नाही, हे मी भेटेल त्याला सांगत सुटले होते. कचेरीत सांगायचे, एसटीत शेजारी बसलेल्या बाईला सांगायचे. आणि आपल्याकडे असं काही बोललं की उपाय सांगितल्याशिवाय माणूस उठत नाही. इलायची घाला. गूळ घाला. गाईचं द्या, म्हशीचं जड पडतं. म्हशीचं द्या, गाईचं पाणचट लागतं. धर्माबादच्या एका बाईने तर पाजताना लेकराचं तोंड पूर्वेला करा म्हणून सांगितलं. मी तेही केलं. लाज सोडली होती मी.

माझी नोकरी धर्माबादला, तालुक्याच्या कचेरीत लिपिकाची. ऑर्डर आली तेव्हा पोरगी सव्वा वर्षाची होती. नवऱ्याचं मुरुडला मोटर रिवायंडिंगचं दुकान, चार गावांतून जळालेल्या मोटरी येतात, ते काही उचलून धर्माबादला नेता येत नाही. तिथे मी एकटी, भाड्याची एक खोली, दिवसभर कचेरी. लेकराकडे बघायचं कुणी? सासूबाई म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे माझ्याजवळ. सहा महिन्यात बदली करून घे." सहा महिन्यांत बदली होते असं ज्याला त्याला वाटत होतं. वर्ष झालं, माझा अर्ज कुठल्या तरी टेबलावर बसून आहे.

मग मी शनिवार-रविवारची आई झाले. शनिवारी पहाटेची गाडी धरून नांदेड, तिथून लातूर, लातूरहून मुरुड. घरी पोचायला दुपारचा एक. रविवारी दोनला परत निघायचं. जाऊन-येऊन हातात राहतो एक दिवस. आणि त्या एका दिवसात मला काय हवं होतं, तर पोरीनं माझ्या हातून एक गिलास दूध प्यावं. एवढंच. अंगावरचं मी नोकरीपायी घाईघाईने तोडलं होतं. ती मागत असायची आणि मी आतल्या खोलीत दार लावून बसायची. ते अर्धवट राहिलेलं सुख गिलासाने तरी पुरं व्हावं, असा माझा हट्ट होता. सरळ सांगते, पोरीच्या तब्येतीपेक्षा तो माझा हट्ट जास्त होता. लातूरच्या डॉक्टरने "दही द्या, अंडं द्या, दुधावाचून काही अडत नाही" म्हणून सांगितलं होतं, तर मला त्याचाच राग आला.

गिलास दिसला की ती ओठ असे मिटायची की पातं घातलं तरी उघडणार नाहीत. मी चॉकलेटची पावडर घातली, नळी आणली, मोबाईल दाखवला, स्वतः पिऊन मिशा रंगवून दाखवल्या. मिशांना ती हसली, पण तोंड उघडलं नाही. एकदा फसवून एक घोट तोंडात घातला, तो तिने माझ्या साडीवर थुंकला. मी चिडले आणि पाठीत धपाटा घातला. एका दिवसाची आई, आणि त्यात धपाटा. परतीच्या गाडीत अहमदपूर येईस्तोवर मी माझाच हात बघत बसले होते.

रोज फोनवर मी सासूबाईंना विचारायची, "दूध पिली का?" त्या म्हणायच्या, "हाव, पिली की. गटागटा पिली." मला खरं वाटायचं नाही. डोळ्यांनी बघत होते ना मी दर आठवड्याला. एका शनिवारी मी बोलून बसले, "बाई, मला बरं वाटावं म्हणून कशाला खोटं सांगता?"

सासूबाई भाकरी थापत होत्या. हात थांबला त्यांचा. "म्या खोटं सांगू? लेकराच्या खाण्यापिण्यात?" त्या रात्री त्या जेवल्या नाहीत. नवरा दोघींच्या मध्ये खाली मान घालून जेवला.

बुधवारी त्याने मला मोबाईलवर व्हिडिओ पाठवला. पोरगी अंगणात उकिडवी बसलेली, दोन्ही हातांनी गिलास धरलेला, आणि खरंच गटागटा. संपल्यावर गिलास डोक्यावर पालथा घालून दाखवला. कचेरीत चहाची वेळ होती. मी चहा तसाच ठेवून संडासात जाऊन रडले. म्हणजे पोरगी दूध पीत होती. फक्त मी असले की पीत नव्हती. जगाचे उपाय करून झाले, आणि दुखणं निघालं मी. त्या संध्याकाळी मी सासूबाईंना फोन करून माफी मागितली. त्या म्हणाल्या, "जाऊ दे. जेवलीस का?"

तरी कारण कळत नव्हतं. ते पुढच्या रविवारी कळलं. जेवणं झाली होती. पोरगी दारात झाकणांशी खेळत होती. सासूबाई दुधाचा गिलास घेऊन स्वयंपाकघरातून आल्या. तो बघून पोरगी उठली. मला वाटलं, आता पळते. ती पळाली नाही. दाराजवळ माझ्या चपला होत्या, त्या तिने दोन हातांत दोन उचलल्या, आत नेल्या, पलंगाखाली धान्याच्या डब्यामागे सारल्या, आणि पलंगासमोर बसून ओठ मिटून घेतले.

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. मी दर रविवारी निघायची कशी, तर सासूबाई दूध घेऊन पोरीला मागच्या अंगणात न्यायच्या, शेजारच्या शेळ्या दाखवत पाजायला बघायच्या, आणि तेवढ्यात मी बॅग उचलून पुढच्या दाराने सटकायची. लेकराच्या डोळ्यादेखत निघायचं नाही, ही आमच्याकडची रीतच. पहिले काही महिने ती प्यायचीही; तिकडे तिचा गिलास रिकामा झाला की इकडे आई नाही. एवढ्याशा जिवाने त्याचा हिशोब लावला होता. आई घरात आहे तोवर दूध प्यायचं नाही. बाकीच्या दिवशी जायला कुणी नव्हतंच, मग ती खुशाल पीत होती. आणि मी तिला धपाटा घातला होता.

सासूबाई गिलास घेऊन तिथेच खाली बसल्या. माझ्या नवऱ्याकडे बघत म्हणाल्या, "म्या बी असंच केलं गं. ह्याला झोळीत टाकायची, डोळा लागला की खुरपायला पळायची. आमाला तसंच शिकिवलं व्हतं."

त्या दिवशी मी पोरीला मांडीवर घेऊन सांगितलं, "मम्मी आता जाणार. शनिवारी येणार." तिला शनिवार काय कळतो? जाणार तेवढं कळलं. तिने असा टाहो फोडला की समोरची माणसं बाहेर आली. तिच्या मुठीतून पदर नवऱ्याने एकेक बोट उकलून सोडवला. मी ऑटोत बसले आणि मागे बघितलं नाही. बघितलं असतं तर नोकरी गेली असती. रात्री तिला ताप भरला. सासूबाई दोन दिवस माझ्याशी फोनवर धड बोलल्या नाहीत. "लेकराला ताप आणलास. सटकली असतीस तर काय बिघडलं असतं?" पुढचे दोन रविवारही असेच गेले. पण मी सांगूनच निघाले.

त्यानंतरच्या शनिवारी संध्याकाळी मी तिच्यासमोर गिलास ठेवला आणि आग्रह न करता बसले. ती गिलासाकडे बघत राहिली. मग हात हलवून मला विचारलं, "आज टाटा?"

"आज नाही," मी म्हणाले. "उद्या टाटा."

तिने माझं तोंड बराच वेळ निरखलं. मग मांडीवर चढली, पाठ माझ्या छातीला टेकवली, आणि प्यायली. एक हात माझ्या बांगड्यांत अडकवून, मध्ये मध्ये थांबून श्वास घेत, सगळं. प्रत्येक घोट मला माझ्या अंगाला कळत होता. किती महिने मी याच्यासाठी तळमळले होते ते माझं मला ठाऊक. मी रडत होते. तिची पाठ माझ्याकडे होती म्हणून बरं.

दुसऱ्या दिवशी सकाळी परत गिलास, परत तोच हात हलला. "आज टाटा?" सासूबाई तिच्या मागे उभ्या होत्या. मला डोळ्याने खुणावून राहिल्या होत्या, न्हाई म्हण. पिऊ दे लेकराला. मलाही तेच वाटत होतं. एक शब्द खोटा बोलायचा, की ती मांडीवर येणार, बांगड्यांत हात घालणार, आणि कालच्यासारखं सगळं पिणार. पुढचे सहा दिवस मला तेवढं पुरलं असतं.

"आज," मी म्हणाले.

ती ओरडली नाही. गिलास तिने हळूच बाजूला सारला. आता दर आठवड्याला हेच चाललंय. शनिवारी ती विचारते आणि पिते. रविवारी विचारते, मी खरं सांगते, आणि ती गिलासाला हात न लावता माझ्या मांडीवर येऊन बसते. दोन वाजेपर्यंत उठत नाही.