अर्धी गिरणी घेता येत नाही

मोजणीदाराचा मदतनीस त्या दिवशी आलाच नव्हता, म्हणून टेपचं दुसरं टोक अर्धवकिलाने धरलं. कुणी गळ घातली नव्हती. आत्याच्या पिठाच्या गिरणीपुढचा रस्ता रुंद होणार, त्याची मोजणी चाललेली, आणि आपल्यासारख्या कायदा जाणणाऱ्याने नुसतं बघत उभं राहायचं? शोभलं नसतं. "द्या इकडे," म्हणत तो रस्त्याच्या मधोमध काढलेल्या खडूच्या फुलीवर टोक दाबून उकिडवा बसला.

तेवढ्यात पाण्याचा टँकर आला. टँकरवाल्याला कायद्याबद्दल विशेष आदर नसावा, त्याने भोंगा दाबूनच ठेवला. अर्धवकील टोकासकट दोन पावलं गिरणीकडे सरकला. तिकडून मोजणीदार ओरडला, "धरलंय ना?"

"धरलंय!"

खोटं कुठे होतं? टोक त्याने घट्ट धरलेलंच होतं. फक्त फुलीवर नव्हतं. मोजणीदाराने आकडा बघितला, बघत बघत गिरणीत शिरला आणि आतल्या जमिनीवर लाल रंगाची रेघ ओढून मोकळा झाला. रेघ भिंतीच्या आत गेलीय हे अर्धवकिलाला दिसलं. पण साहेब लोकांच्या कामात मध्येच बोलणं त्याला बरं वाटेना. खरं म्हणजे त्याची पाचावर धारण बसली होती.

अर्धवकील म्हणजे आत्याचा भाचा. कायद्याच्या कॉलेजात एक वर्ष काढून "हवा मानवत नाही" म्हणून परत आलेला. गल्लीने त्याला पदवी दिली ती अशी हिशेबाने, मिळवलेली तेवढीच. दोन्ही वेळचं जेवण आत्याकडे.

आणि आत्या म्हणजे गिरणी. गेली सव्वीस वर्षं केसांवर, भुवयांवर पिठाचा थर, त्यामुळे तिचे केस नेमके कधी पिकले हे कुणालाच कळलं नव्हतं. समोरच्या दुकानात गप्पा मारत बसली तरी दगडाचा आवाज बदलला की तिथूनच हाक मारायची, "कुणाचे गहू आहेत ते? खडा आहे त्यात!" आणि खडा निघायचा. पीठ अंगठ्याने चिमटीत चोळून गरम लागलं की मोटर बंद, मग बाहेर रांगेत कोणीही असो. महिन्यातून एकदा नवऱ्याचा जुना चष्मा डोळ्यांवर चढवून गुळगुळीत झालेल्या दगडाला छिन्नीने ठोकून स्वतः टाकी लावायची. त्या चष्म्यातून तिला काहीच दिसत नसे, पण डोळ्यांत कपची जात नाही, एवढं तिला पुरे होतं.

तीन आठवड्यांनी नोटीस आली. अर्धवकिलाने ती घसा साफ करून वाचली. रस्त्यासाठी गिरणीचा पुढचा भाग सक्तीने संपादन करण्यात येणार, हरकत असल्यास मुदतीत लेखी द्यावी, वगैरे.

"पुढच्या भागात काय काय येतं?" आत्याने विचारलं.

"दगड. वजनकाटा. तुझं स्टूल."

"आणि मागे?"

"मोटर."

"म्हणजे मोटर माझी, दगड सरकारचा. पट्टा कुणाचा रे?"

"पट्ट्याबद्दल नोटिशीत काही म्हटलेलं नाही."

आत्या हसली, पण त्या दिवशी तिने दोनदा एकाचं पीठ दुसऱ्याला दिलं. सव्वीस वर्षांत असं झालं नव्हतं. अर्धवकिलाला त्या रात्री जेवण गोड लागेना. तरी तिसरी पोळी त्याने कशीबशी संपवली.

मग प्रायश्चित्त म्हणून तो हरकत लिहायला बसला. अकरा पानं झाली. त्यात माणसाचं स्वातंत्र्य आलं, राजे आले, रयत आली. टँकर तेवढा राहिला.

सुनावणीच्या दिवशी भूसंपादनाच्या साहेबांनी ती अकरा पानं हातात धरून वजनाचा अंदाज घेतला आणि बाजूला ठेवली. "बाई, तुम्हीच सांगा. थोडक्यात."

"साहेब, रस्त्याला माझी ना नाही. लोकांचं काम आहे. पण तुम्ही दगड नेणार आणि मला मोटर ठेवणार. मी काय मोटरीवर हात फिरवत बसू? घ्यायची तर सगळी गिरणी घ्या."

"सगळी घेऊन आम्ही काय करू?"

"दळा."

कारकुनाने तोंडावर फाईल धरली. मोजणीदार खिडकीबाहेर बघू लागला. साहेबांनी मात्र कपाटातून कायद्याचं पुस्तक काढलं, बोट फिरवत फिरवत एका जागी थांबले आणि त्यांचा चेहरा पडला. बाई बरोबर बोलत होत्या. इमारतीचा तुकडा तोडून घेता येत नाही. मालक म्हणाला सगळी घ्या, तर सगळी घ्यावी लागते, नाहीतर हात लावायचा नाही. आणि जे घ्यायचं ते कामापुरतंच. लागतं त्याहून वीतभर जास्त नाही.

"मग लागतं तरी किती?" साहेब मोजणीदाराकडे वळले. "पलीकडची दुकानं वाचली, ही एकच गिरणी आत कशी आली?"

"साहेब, मध्यापासून मोजलंय. दोन्हीकडे सारखं."

"टेपचं दुसरं टोक कुणाकडे होतं?"

मोजणीदाराने नुसती मान वळवली. आत्यानेही वळवली. अर्धवकिलाच्या डोळ्यांपुढून अकरा पानं भराभर उलटली, पण त्यातलं एकही वाक्य कामाचं नव्हतं. गप्प बसला तर सगळी गिरणी तरी जाणार, नाहीतर हे भांडण वर्षानुवर्षं चालणार. बोलला तर आजपासून जेवायचं कुठे?

"माझ्याकडे," तो म्हणाला. "टँकर आला होता. मी दोन पावलं सरकलो."

"कुठल्या बाजूला?"

"आत्याच्या."

साहेबांनी फेरमोजणीचा हुकूम लिहीपर्यंत आत्या भाच्याकडे, पिठात किडा दिसल्यावर बघावं तशी बघत राहिली. पायऱ्या उतरताना एवढंच म्हणाली, "तरीच नोटीस आल्यापासून तू भाजीला नावं ठेवली नाहीस."

फेरमोजणीला टोक तिने स्वतः धरलं. रस्त्याच्या मध्यात मांडी ठोकून बसली. एक बस आली, भोंगा वाजला, ड्रायव्हरने खिडकीतून डोकं काढलं. "ओ मावशी!"

"थांब बाबा. सरकलं की काय होतं ते आमच्या घरात पाहिलंय."

बस थांबली. रेघ भिंतीच्या बाहेर पडली. गिरणी अख्खी वाचली. सरकारला लागत होत्या त्या फक्त दाराबाहेरच्या तीन पायऱ्या. "न्या," आत्या म्हणाली, आणि तिथेच सही केली.

पायऱ्या गेल्या तसा गिरणीचा उंबरा रस्त्यापासून कंबरभर उंच झाला. उंबऱ्याला अडकवायची लोखंडी शिडी करून देण्याचं अर्धवकिलाने सगळ्यांसमोर कबूल केलं. "रविवारी," म्हणाला.

त्यानंतर बरेच रविवार झाले. परवा खुद्द मोजणीदार गव्हाचा डबा घेऊन आला आणि खाली उभा राहून वर बघू लागला. आत्याने हात पुढे केला.

"या, चढा. शिडी आमच्या वकिलाकडून यायची आहे."

आत वजनकाट्याशी बसलेल्या वकिलाने कुणाचा तरी डबा उगाचच दुसऱ्यांदा तोलायला घेतला.