परवान्यासाठी दिलेलं नाव

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. एवढं म्हटल्यावर बाकी कुणाला सांगितलं नसणार, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. सहा वर्षं झाली. एक-दोनदा सांगायला बसलोही होतो, पण बसलो की माझी गाडी हत्याराकडेच वळते. रिव्हॉल्व्हर बरं की पिस्तूल — या विषयावर मी तासभर बोलू शकतो. आत्ताही तिथूनच सुरू करतोय बघा.

वडीगोद्रीला हायवेलगत माझं बी-बियाण्याचं आणि खताचं दुकान आहे. शेत तिथून जवळच. दुकानात बसलेलं कुणी ना कुणी विचारतंच, शेठ, पिस्तूल का नाही घेतलं? माझं उत्तर पाठ आहे. पिस्तूल चपटं असतं, अंगाला चिकटून बसतं, गोळ्याही एक-दोन जास्त. पण त्याची नखरेबाजी फार. मॅगझिन बराबर बसलंय का बघा, वरचा भाग मागं ओढा, खटका सोडा. साफसफाई राहिली की ऐन वेळी अडकतं. रिव्हॉल्व्हरचं तसं नाही. काढलं की चाप ओढला. एखादी गोळी फुसकी निघाली तरी पुन्हा ओढायचा, चक्री पुढची गोळी आणून देते. आपल्यासारख्या अडाण्याला सोपं तेच बरं.

यातला शब्द न् शब्द खरा आहे. आणि तरी हे कारण नव्हतं.

कारण सांगू? संभाजीनगरच्या ज्या दुकानातून मी ते घेतलं, तिथल्या म्हाताऱ्या दुकानदाराने दोन्ही हत्यारं कमरेला लावून दाखवली, वरून सदरा सोडला आणि मला आरशासमोर उभं केलं. पिस्तूल दिसेना. रिव्हॉल्व्हरच्या चक्रीचा मात्र सदऱ्यावर फुगवटा आला. तो म्हणाला, साहेब, हत्यार उघडं मिरवायचं नसतं, परवान्यात तशी अट असते. लपवून बाळगायचं तर पिस्तूलच घ्या. मी आरशात तो फुगवटा बघितला — आणि रिव्हॉल्व्हर घेतलं. मला लपवायचं नव्हतंच. झाकलेलं आहे असं म्हणता यावं आणि सगळ्यांना दिसावं, एवढंच पाहिजे होतं.

हसलात ना? हसा. मीही इथवर हसतच सांगू शकतो. अंबडला एका लग्नात कमरेला हत्यार असलेल्या कंत्राटदाराला पुढच्या सोफ्यावर बसवलं होतं आणि त्याच्यापेक्षा भारी आहेर आणलेला मी मांडवाच्या खांबामागे. तो खांब माझ्या डोक्यात गेला. एवढ्याशा गोष्टीसाठी माणूस परवाना काढायला निघतो का? मी निघालो.

पण त्या दुकानदाराने आणखी एक विचारलं होतं. हत्यार निवडायला त्याची ती रीतच असावी. धोका कुणाचा आहे, तो माणूस साधारण किती अंतरावरून येईल? एकटा येईल की चारजण? असा कुणी नव्हताच. पण काहीतरी बोलणं भाग होतं, म्हणून मी म्हणालो, एकटाच. बांधाइतक्या अंतरावरून. ते बोलताना माझ्या डोळ्यांसमोर एक माणूस उभा राहिला — डोक्याला पंचा, हातात विळा, पायात माझ्याच दुकानासमोरून घेतलेल्या चपला. त्याला समोर धरून मी हत्यार निवडलं. तेव्हापासून मला स्वस्थता नाही. दुकानात बसलो तर शेतात जावंसं वाटतं, शेतात गेलो की दुकानाकडे पळावंसं वाटतं.

तो अंकुश. माझा बांधकरी — त्याचं नि माझं रान लागून, मध्ये एक बांध. चौथीपर्यंत एका बाकावर होतो.

आता बोलतोच. जालन्याला कचेरीबाहेर अर्ज लिहून देणारा एकजण बसायचा. त्याने विचारलं, जिवाला धोका कुणापासून? मी म्हटलं, तसा कुणापासून नाही. त्याने पेन खाली ठेवलं. मग घरी जा म्हणाला. परवान्याला धोका लागतो, आणि नावाशिवाय धोका कागदावर उभा राहत नाही. काहीतरी झालं असेल की, आठवा जरा.

मला आठवलं. त्याच उन्हाळ्यात माझ्या ट्रॅक्टरवाल्याने रोटाव्हेटर मारताना अंकुशचा बांध वीतभर कोरला होता. चूक आमची. अंकुश तापला आणि चारचौघांत ओरडला, 'पुन्हा बांध कोरलास तर तंगडं तोडून हातात दीन.' आमच्याकडे बांधावर हे वाक्य रोज कुणीतरी कुणाला तरी म्हणतं. बैलालाही म्हणतात. त्यानंतर अर्ध्या तासाने त्याच्याच लिंबाखाली बसून आम्ही दोघांनी त्याच्याच डब्यातली भाकरी खाल्ली, आणि वीतभर जागा मी सोडून दिली. विषय तिथेच संपला होता.

मी तो कागदावर आणला. तंगडं तोडण्याचं वाक्य आणलं, भाकरी आणली नाही. आधी ठाण्यात तक्रार, मग अर्ज, अर्जाला तक्रारीची नक्कल जोडलेली. सगळं रीतसर. माझा समज असा की कागद फाइलीत जाईल आणि तिथेच राहील. कागद कधी फाइलीत गप्प बसतो का? अंकुशला ठाण्यात बोलावलं. मग तहसीलला. चांगलं वागेन म्हणून लिहून घेतलं त्याच्याकडून — ज्या माणसाने कधी कुत्र्याला दगड मारला नाही.

तो दुकानात आला तेव्हा गिऱ्हाईक नव्हतं. भांडायला आलाय असं वाटून मी गल्ल्यामागून उठलोही नाही. तो उभाच राहिला.

'रागात बोलून गेल्तो मी दत्ता,' तो म्हणाला. 'पर तुला खरंच माझं भ्याव वाटून राह्यलं का?'

नाही म्हणायला किती वेळ लागतो? एक शब्द. पण नाही म्हटलं तर मग तक्रार कशाची? परवाना कशाला? आणि मी कोण ठरतो? मी त्याच्या पायांकडे बघत राहिलो.

'वाटतं,' मी म्हणालो.

तो शिव्या देईल म्हणून मी वाट बघत होतो. त्याने पंचाने तोंड पुसलं. 'मंग बराबर केलंस तू,' एवढंच म्हणाला आणि गेला.

त्याने माझ्यावर विश्वास ठेवला होता. मी घाबरलोय हे त्याला खरं वाटलं. तेव्हापासून मी शेतात आलेला दिसलो की तो हातातलं विळा-कुऱ्हाड जे असेल ते खाली ठेवतो आणि मी पुढे जाईपर्यंत रिकाम्या हातांनी उभा राहतो. ऊन असो, घाई असो. पहिल्यांदा मला कळलंच नाही तो काय करतोय. कळलं तेव्हा लाज वाटली. लाज वाटली म्हणून मी काय केलं? शेतात जाण्याची वेळ बदलली.

गावात त्याला आता 'शेठला बंदूक घ्यायला लावणारा' म्हणतात. सोयरिकीच्या बैठकीत पूर्वी त्याला मध्यस्थीला न्यायचे, ते बंद झालं. भांडण मिटवायलाही बोलवत नाहीत. मला मात्र लग्नात सोफा मिळतो. बसवत नाही त्या सोफ्यावर, कमरेला ती चक्री टोचते — पण बसतो.

परवाना पाच वर्षांचा असतो. गेल्या वर्षी नूतनीकरण आलं. ठरवलं होतं, यंदा हत्यार जमा करून टाकायचं, काही कारण सांगायचं आणि मोकळं व्हायचं. तरी अर्ज केलाच. चौकशीला हवालदार वडीगोद्रीला येऊन गेला, मी तेव्हा दुकानात नव्हतो. संध्याकाळी त्याचा फोन आला. त्याला हसू आवरत नव्हतं. म्हणाला, एवढ्या नोकरीत असा माणूस बघितला नाही. मी त्या अंकुशला विचारलं, अजून काही वैर आहे का, तर तो मलाच हात जोडून म्हणतो — 'साहेब, माझा रागच वंगाळ हाय. त्याचं हत्यार काढून घिऊ नका, त्याला माझं लय भ्याव वाटतंय.'

हवालदाराने विचारलं, मग धोका कायम आहे असं लिहू ना?

मी म्हणालो, लिहा.

अंकुशला अजून वाटतं की तो वाईट माणूस आहे. तसा तो नाही. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे.