चादरीचं दुसरं टोक

माझी काकू दमली आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण तिच्याबद्दल बोलायला लागलं की आमच्या चर्चच्या मंडळीतले लोक लगेच तिची श्रद्धा काढतात. केवढी श्रद्धा या बाईंची, असं म्हणायचं, चहाचा कप खाली ठेवायचा आणि आपापल्या घरी जायचं. श्रद्धेतलं मला फारसं कळत नाही. तिचे पाय सुजतात ते मला दिसतं, कारण पाय बुडवायला गरम पाण्याची बादली मीच आणून देते.

काकू एका मोठ्या रुग्णालयाच्या धुलाईघरात चादरींच्या घड्या घालते. हे एकटीचं काम नाही. इस्त्रीच्या रुळातून चादर गरम गरम बाहेर आली की दोघी जणी दोन टोकांना उभ्या राहतात, दोन-दोन कोपरे धरून एक झटका देतात आणि चालत जवळ येऊन कोपऱ्याला कोपरा लावतात. कितीतरी वर्षं समोरच्या टोकाला तिची थोरली जाऊ असायची, म्हणजे माझी आई. दोघींचे नवरे मागेपुढे गेले, दोघी एकाच घरात राहिल्या, एकाच ठिकाणी राबल्या. त्या कामात त्यांनी स्वतःची एक रीत पाडून घेतली होती. कोपरे जुळले की एकीने देवाचा एक उपकार बोलायचा, पुढच्या चादरीला दुसरीने. आणि एकदा बोललेला उपकार त्या दिवशी पुन्हा काढायचा नाही.

सकाळी सकाळी डोळे, हातपाय, डोक्यावरचं छप्पर, मी, असं सगळं भराभर संपून जायचं. दुपारपर्यंत दोघींची तिजोरी रिकामी. मग आई म्हणायची, मुकादम आज रजेवर आहे. काकू म्हणायची, चप्पल तुटली खरी, पण दारातच तुटली. परत आलेल्या मुकादमाला वाटायचं की या बायका आपली टिंगल करतात. अर्धं खरंही होतं ते.

मागच्या वर्षी आईची उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. कळतं तिला सगळं. काकूने सकाळचं काम मागून घेतलं. सकाळी आईजवळ मी असते, दुपारी काकू आली की मी दुकानात कामाला जाते आणि संध्याकाळी जेवणाच्या वेळेला परत येते.

आमच्याकडे देवाचे आभार मानल्याशिवाय ताटाला हात लावत नाहीत. ती प्रार्थना काकूची. आईला बोलता येईना, तरी काकूचं आमेन होईपर्यंत ती ओठ मिटून पडायची, आणि मग शहाण्यासारखी तोंड उघडायची. काही महिने असे निभावले.

मग काकू आटली. दुसरा शब्द नाही माझ्याकडे. समोरच्या टोकाला आता नवी बाई आहे, भली आहे, हात चलाख आहे. पण कोपरे जुळतात आणि कुणीच काही बोलत नाही. एका संध्याकाळी काकू मला म्हणाली की आजपासून प्रार्थना तू म्हण, माझ्याने होत नाही. मी म्हटली. आईने ओठ घट्ट मिटले आणि माझ्या खांद्यावरून काकूकडे बघत राहिली. चमच्यातलं सूप हनुवटीवरून गळ्यावर ओघळलं. शेवटी काकूने पाठ केल्यासारखी प्रार्थना उरकली, तर तीही आईने ओळखली. दोन-चार चमचे घेतले, तेही आमच्यावर दया केल्यासारखे.

असं रोज होऊ लागलं. आईच्या मनगटाची हाडं दिसायला लागली. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल. काकूच्या तोंडचं पाणी पळालं आणि पाठोपाठ तिला रागही आला. देवाने आणि जाऊबाईंनी मिळून माझ्याकडून वदवून घ्यायचा चंग बांधलाय, म्हणाली.

आमचे पाळक येऊन गेले. उपकार मानणं हे मनाला वाटण्यावर नसतं, असं त्यांनी प्रेमाने समजावलं. काकूने मान हलवत ऐकून घेतलं. ते गेल्यावर म्हणाली, "एकदा जाऊबाईंची कूस बदलून द्या म्हणावं, मग बोलू."

त्या आठवड्यातली गोष्ट. मी घरी आले तेव्हा आईने चादर खराब केली होती, दुपारपासून दुसऱ्यांदा. काकूने तिला कुशीवर वळवलं, चादर ओढून काढली, धुतलेली घातली. मी सूप आणून स्टुलावर झाकून ठेवलं. काकू ते घाणेरडं बोचकं दोन्ही हातांत धरून पलंगापाशी उभी राहिली. तिचे डोळे मिटले. दमून मिटले असतील असं मला वाटलं, तर ती बोलायलाच लागली, "प्रभू, तू आमच्यापुढे वाढलेल्या या अन्नाबद्दल तुझे आभार मानतो, ते आमच्या अंगी लागू दे..."

वास आला तेव्हा थांबली. डोळे उघडून हातांकडे बघितलं.

पलंगावरून खर्रखर्र असा आवाज आला. आईला ठसका लागला म्हणून मी धावले. आई हसत होती. अर्ध्याच चेहऱ्याने, पण पाणी दोन्ही डोळ्यांतून.

"हसा," काकू म्हणाली. "मी इथे मरतेय, तुम्ही हसा." आणि मग तिलाही हसू फुटलं, ते हसू कधी रडू झालं कळलंच नाही. बोचकं मांडीवर घेऊन ती जमिनीवरच बसली. डोळे न मिटता, समोरच्या भिंतीकडे बघत बोलली.

"देवा, मी दमलेय. आज तुझे आभार मानायला माझ्याकडे काही नाही. जाऊबाई हसल्या, तेवढं एक आहे. बाकीचं तुझं तू बघ."

आमेन म्हणायचं राहिलंच. मी चमचा उचलला तोवर आईचं तोंड उघडलेलं होतं. तिने वाटी संपवली. मी काकूच्या मांडीवरचं बोचकं उचलून मोरीत गेले.

दुसऱ्या दिवशी पाय सुजायचे ते सुजलेच. संध्याकाळी मी आले तेव्हा काकू वाळलेल्या चादरी घेऊन आईपाशी उभी होती. एका टोकाचे दोन्ही कोपरे तिने आईच्या डाव्या मुठीत दिले, स्वतः मागे सरली, हळूच झटका दिला आणि चालत जवळ आली. कोपरे जुळले. "बस चुकली, पण रस्त्याला सावली होती," काकू म्हणाली.

दुसरी चादर. पुन्हा कोपरे जुळले, आणि काकू तशीच उभी राहिली. या पायावरून त्या पायावर भार टाकत, आईकडे बघत. मला राहवेना. म्हटलं, "काकू, तिला बोलता येत नाही गं."

"माहीत आहे मला," काकू म्हणाली. "त्यांची पाळी आहे. थांब जरा."

आईने बराच वेळ घेतला. मग मूठ सोडली.