डावीकडचा ग्लास

जहाजावरच्या जेवणघरात आमचं टेबल ठरलेलं होतं, आणि वाढणाराही. सातही संध्याकाळी तेच खिडकीजवळचं टेबल आणि तोच पन्नाशीचा, गोव्याचा मिंगेल. बाहेर समुद्र कलायचा, ग्लासातलं पाणी कलायचं. मिंगेलच्या हातातला सूपचा वाडगा मात्र जमिनीवर असल्यासारखा सरळ यायचा.

पहिल्या दिवशी बायकोने पाण्याचा ग्लास हळूच डावीकडे सरकवला. तिचा उजवा खांदा आखडलाय, हात वर जात नाही. पण ते चारचौघांत कळू द्यायचं नसतं. दुसऱ्या दिवशी बसायला गेलो तर ग्लास आधीच डावीकडे, चमचासुद्धा.

"अहो, तुम्ही सांगितलंत का त्याला?"

"मी कशाला सांगू?"

अशी किती टेबलं असतील त्याच्याकडे, आणि किती खांदे! घरी तर वर्षभर मी तिचा ग्लास उजवीकडेच ठेवत होतो.

शेवटच्या संध्याकाळी वाढणाऱ्याच्या हातात बक्षिशीचं पाकीट द्यायची तिथली रीत. देताना ते फार हलकं वाटलं. त्याने न बघता खिशात ठेवलं आणि हिला म्हणाला, "बाई, खांद्याला जपा हां."

दारातून वळून पाहिलं. मिंगेल नवं पांढरं कापड अंथरून पुढच्या प्रवाशांसाठी टेबल मांडत होता. उद्या तिथे कोण बसणार, काय लपवणार, त्याला अजून ठाऊक नव्हतं. हिचा ग्लास त्याने उचलला आणि पुन्हा उजवीकडे ठेवला.