मिठागरातली गोष्ट वहिनीची होती

“कच्छात वाघ खंयसून इलो? माका सांगा भावोजी, वाघ खंयसून इलो?”

वहिनी ओरडत होती. आवाज असा, की खळ्यात वाळत घातलेल्या कोकमाच्या सोलांभोवतीचे कावळे उडाले ते थेट वेंगुर्ल्याच्या बंदरावरच जाऊन टेकले असतील. सगळी नोकरी प्राथमिक शाळेत गेलेली बाई, घसा काही निवृत्त झाला नव्हता. तिच्या हातात मी लिहून आणलेला कागद होता आणि मी अजून पायरीवरच, एक चप्पल पायात आणि एक हातात. “मी वाघ बघूक नाय, नि वाघान माका बघूक नाय! थंय एक बाई होती, एक भाकरी होती, एक गोधडी होती. तुमका दोन वाक्यां लिवक सांगितलंय, दोन. ह्यात वाघ इलो, उंट इलो, तुमी माझी पिशवी घेवन स्टेशनार इलात ता इला… नि जा व्हया ता खंय आसा?”

“वयनी,” मी म्हटलं, “वाघ तसो बारकोच आसा.”

एरवी अशा उत्तरावर ती पदर तोंडाला लावून हसली असती आणि आतून चहा आला असता. त्या दिवशी हसली नाही. कागदाची नीट घडी घातली, नापास पोराच्या दप्तरात पेपर कोंबावा तशी माझ्या शर्टाच्या खिशात घातली आणि आत गेली. आमची ही शेवटची भेट. तिला जाऊन आता काही आठवडे झाले. वहिनी लेखिका होती; तिच्याविषयी घरच्याच कुणीतरी लिहावं, असं वर्तमानपत्राच्या पुरवणीकडून कळवलं गेलं तेव्हा तिची मुलगी उज्ज्वला मला म्हणाली, “काका, तुमीच लिवा. पण वाघ नको.” तेव्हा वाचकहो, या लेखात वाघ नाही. बाकी काही वाढलं असेल तर ते सवयीनं वाढलेलं आहे, समजून घ्या.

वहिनी म्हणजे इंदुमती, माझ्या मोठ्या भावाची बायको. ती लग्न होऊन आमच्याकडे आली तेव्हा मी शाळेत होतो आणि शाळेपेक्षा समुद्रात जास्त होतो. मला वाचायला बसवलं ते तिनं. दोडामार्गापासून वेंगुर्ल्यापर्यंत तिच्या बदल्या होत राहिल्या, आणि प्रत्येक गावची माणसं तिनं अशी लक्षात ठेवली, की जिल्ह्यात कुठंही एस.टी. थांबली तरी तिला कुणीतरी खिडकीतून ‘बाई!’ म्हणून हाक मारायचं. पण त्या वेळी तिचा प्रवास तो एवढाच. दादा गेला, तिची नोकरी संपली, उज्ज्वलाचं ठाण्यात बस्तान बसलं, आणि एके दिवशी ही साठीची बाई एक कापडी पिशवी घेऊन कुडाळ स्टेशनवरून निघाली ती महिनाभर आलीच नाही. गावात बोंब झाली. म्हाताऱ्या बायका म्हणाल्या, काशीला गेली. कुणी म्हणालं, डोक्यावर परिणाम झाला. ती गेली होती आसामात, कारण शाळेच्या भूगोलात नदीतल्या एका बेटाबद्दल ती वर्षानुवर्षं शिकवत आली होती आणि ते बेट खरंच आहे की नाही, याचा तिला संशय आला होता. “आसा,” परत आल्यावर ती एवढंच म्हणाली, “पण पुस्तकात दाखवलाहा त्यापरास बारीक झालाहा.”

त्यानंतर ती दरवर्षी जात राहिली आणि आल्यावर लिहीत राहिली. प्रकाशकांकडे तिनं बाड पाठवलं नाही असं नाही. त्यांची उत्तरं यायची तोवर तिचा पुढचा प्रवास होऊन जायचा. शेवटी तिनं कुडाळातल्या छापखान्यात स्वतःच पुस्तक छापून घेतलं. नाव ‘पिशवीत मावेल तेवढंच’. गठ्ठे तिच्या पडवीत आले. काजूच्या पोत्यांशेजारी पुस्तकांना वाळवी लागू नये म्हणून वहिनीनं कडुलिंबाचा पाला घातला, त्यामुळे पहिल्या आवृत्तीला एक कडवट वास होता. जत्रेत खाज्याच्या दुकानाशेजारी ती स्वतः पुस्तकं मांडून बसायची. उज्ज्वलानं ते पुस्तक इंटरनेटवर विकायला ठेवलं, आणि तिथं वाचकांचे अभिप्राय यायला लागले. ती त्यांना शेरे म्हणायची. सकाळी पेज झाली की चष्मा लावून मोबाइलवर शेरे वाचायचे, हा तिचा नेमच झाला. एकानं लिहिलं होतं, पार्सल पावसात भिजलं, पाचपैकी एक चांदणी. कोकणातल्या लेखिकेनं माशाची एकही पाककृती का दिली नाही, असं म्हणून एका बाईनं दोन चांदण्या कापल्या होत्या. वहिनी प्रत्येकाला उत्तर द्यायची. भिजलेल्याला तिनं दुसरी प्रत पाठवली, आणि त्या बाईला बांगड्याच्या तिखल्याची कृती अशी सविस्तर लिहून पाठवली, की कापलेल्या चांदण्या परत आल्या.

आता माझं सांगतो. मी मालवणच्या धक्क्यावर होडी चालवतो, पर्यटकांना डॉल्फिन दाखवतो. दाखवतो म्हणजे, डॉल्फिनच्या मनात असेल तर दाखवतो. तो काही माझा पगारी नोकर नाही. नाही दिसला की होडीतली माणसं गप्प होतात, बायका घड्याळाकडे बघतात, आणि मग होडीवाल्याला तोंड चालवावं लागतं. हे आमच्या धंद्यातलं शास्त्रच आहे: डॉल्फिन नाही तर गोष्ट. माणूस रिकामा उतरता कामा नये. आणि माझ्याकडे गोष्टी होत्या. रामेश्वरमच्या होत्या, आसामच्या होत्या, कच्छच्या होत्या. सगळ्या वहिनीच्या.

त्या तिनंच मला दिल्या होत्या, चोरून काही घेतल्या नव्हत्या. प्रवासातून आली की पहिल्या संध्याकाळी मला बोलावून घ्यायची आणि पुस्तकात येण्याआधी सगळं सांगायची. कारण तिला एकटीला ठाऊक होतं की मी कोल्हापूरच्या पलीकडे कधी गेलेलो नाही. वादळात होडी उभी-आडवी झाली तरी माझं पोट हलत नाही, पण एस.टी. घाटाला लागली की दुसऱ्या वळणावर मी खिडकीबाहेर असतो. आगगाडीतही तेच. समुद्रावरचा माणूस जमिनीवर ओकतो, हे कुणाला सांगणार? “तुमका येवक जमणा नाय,” वहिनी म्हणायची, “म्हणान मी तुमका सगळा सांगतंय. धाकट्या भावासाठी खाऊ हाडतत तसा.” तिनं खाऊ आणला, आणि मी होडीत उभा राहून तो स्वतःच्या नावानं वाटला. ‘मी कच्छात होतो तेव्हा…’ असं म्हटलं की पोरं पुढं सरकत. ‘माझी वहिनी कच्छात होती तेव्हा…’ म्हटलं असतं तर सरकली नसती का? सरकली असती. तोच तर त्रास आहे.

त्यातली मिठागरातली गोष्ट सगळ्यांत जास्त चालणारी. कच्छात वहिनी गाडीत झोपली, उतरायचं स्टेशन गेलं आणि ती कुठल्यातरी उजाड ठिकाणी उतरली. तिथं मिठागरात काम करणाऱ्या एका बाईनं तिला आपल्या खोपटात नेलं, एक भाकरी अर्धी-अर्धी केली, एकाच गोधडीत दोघी झोपल्या. सकाळी त्या बाईनं वहिनीचे केस विंचरून दिले आणि विचारलं, “तुझ्या गावाला समुद्र आहे ना? मग तू मीठ विकत का घेतेस?” एवढीच गोष्ट. होडीत मी त्या बाईचा पहिलवान केला, कारण माझे केस कुणी विंचरले म्हणून सांगितलं तर माझं टक्कल बघून होडी हसून उलटली असती. वादळ घातलं, उंट घातला, दरोडेखोर घातले. पण मिठाचा तो प्रश्न मात्र मी होता तसाच ठेवला. त्याला रंग लावायचा मी पुष्कळ प्रयत्न केला, तो लागेना.

आणि त्याच प्रश्नानं घात केला. सांगलीचा एक शिक्षक सहकुटुंब माझ्या होडीत बसून गेला होता. पुढं त्यानं वहिनीचं पुस्तक मागवलं, मिठागराचं प्रकरण वाचलं आणि खाली शेरा लिहिला: हाच प्रसंग, हाच प्रश्न आम्ही मालवणच्या एका होडीवाल्या काकांच्या तोंडून त्यांचा स्वतःचा अनुभव म्हणून ऐकला आहे, तोही याहून कितीतरी रसरशीत. एका साध्या कष्टकरी माणसाचं आयुष्य लेखिकेनं नाव न घेता उचललं आहे, वाईट वाटलं. एक चांदणी. त्याखाली होडीत बसून गेलेल्या आणखी कुणीकुणी लिहिलं, हो, आम्हीही ऐकलंय. सगळ्यांनी काकांची बाजू घेतली. मला गरीब म्हटलं, प्रामाणिक म्हटलं. जन्मात कुणी मला एवढं चांगलं म्हटलं नव्हतं.

वहिनीनं तो शेरा मला वाचून दाखवला, तेव्हा मी खळ्यातल्या तुळशीकडे बघत बसलो. ती रागावली नाही. तिला लाज वाटत होती. माझी नव्हे, स्वतःची, आणि तेच मला अजून बघवत नाही. “माका सांग,” म्हणाली, आणि त्या दिवशी ‘भावोजी’ नाही, ‘तुमी’ नाही, शाळेतल्या पोराला विचारावं तसं म्हणाली, “मी खराच थंय गेल्लंय मां?” वेंगुर्ल्यात बायकांच्या वाचक मंडळात तिचं बोलणं ठरलं होतं, ते पुढं ढकललं गेलं. का, ते कुणी सांगितलं नाही. जत्रेत तिनं पुस्तकं मांडली नाहीत. सकाळची पेज झाली की मोबाइल उलटा ठेवून ती नुसती बसायला लागली. तिनं माझ्याकडे मागितलं काय, तर एवढंच: “तुमी गोष्टी सांगा, माझी ना नाय. त्या शेऱ्याखाली फकत लिवा, की ही गोष्ट वयनीची, मी थंय गेलंय नाय.”

मी हो म्हटलं. आणि लिहायला बसलो की पहिलं वाक्य व्हायचं, दुसरं होत नसे. ‘मी तिथं गेलो नाही’ हे लिहिलं की ते पुढं चालायला लागायचं: कुठंच गेलो नाही, घाटात ओकतो, धक्क्यावर इतकी वर्षं जे काही बोललो ते… मग मी घाईनं तिथं एक उंट आणून उभा करायचो. पहिल्या कागदात वहिनी एवढी थोर झाली की देवळात बसवावी. दुसऱ्यात तिला प्रवासाला पाठवणारा मीच होतो. वाघ आला तो शेवटच्यात. प्रत्येक वेळी ती वाचायची आणि परत द्यायची. शेजारच्या पोरांना वाटायचं, काकांचा आणि बाईंचा काहीतरी खेळ चाललाय.

ती गेली त्या सकाळी मी होडीवर होतो. त्या दिवशी डॉल्फिन आले. एक-दोन नव्हे, चांगला कळपच होडीला वळसा घालून गेला. लोक उभे राहिले, ओरडायला लागले, मला कुणी काही विचारेना. मी इंजिन बंद केलं आणि फोन वाजला. चुलीशी पेज ढवळताना ती खाली बसली ती बसलीच, असं शेजारणीनं सांगितलं. किनाऱ्यावर परत येताना एका पोरानं मला विचारलं, “काका, गोष्ट?” मी म्हटलं, आज नाही.

तेराव्याला पुष्कळ माणसं आली. तिच्या शाळेतली पोरं, आता मोठी बापई माणसं झालेली, दोडामार्गाहून केळीचे घड घेऊन आली. जो तो मला धरून म्हणत होता, “तुम्ही बोला, तुम्हाला बोलता येतं.” मी केळी वाटत राहिलो. सगळे गेल्यावर उज्ज्वलासमोर बसलो आणि सांगितलं, लिही. तिनं मोबाइलवर लिहिलं: मिठागरात माझी वहिनी गेली होती. मी गेलो नव्हतो. मी कुठंच गेलेलो नाही. तिनं वर बघितलं, आणखी काही येतंय का म्हणून थांबली. मी नाही म्हणून मान हलवली. तो शेरा आता तिथं आहे, अगदी तळाशी. वर तो सांगलीकरांचा, पहिल्या जागेवर, पुष्कळांनी पसंत केलेला.

मग मी त्यांनाच फोन केला. होडीत बसणाऱ्यांचे फोटो मी मोबाइलवर पाठवतो, त्यामुळे सगळ्यांचे नंबर माझ्याकडे असतात. शेऱ्याशेजारच्या फोटोतली टोपी मी ओळखली; हा नंबर ‘सांगली, टोपीवाले’ म्हणून होता. त्यांनी मला लगेच ओळखलं, बायकोला हाक मारून “अगं, होडीवाले काका” असं सांगितलं. मी बोललो. वहिनी वारल्याचं सांगितलं, गोष्ट तिची असल्याचं सांगितलं, घाटाचं सांगितलं, खिडकीचं सांगितलं, कोल्हापूरच्या पलीकडचं काही पाहिलं नसल्याचं सांगितलं. उंट नाही, पहिलवान नाही, काही नाही. आवाज चढवला नाही, कुठं थांबलो नाही. तो शेरा तेवढा काढा म्हटलं… मग ते म्हणाले, “काका, वहिनींवर तुमचा फार जीव होता, म्हणून असं सांगताय, कळतंय मला. पण शेरा राहू दे.”